चामड्याच्या पाकिटाच्या कडा गुळगुळीत होत नाहीत. मदत हवी आहे

कृष्णाकाठ, सांगली: वडिलांच्या साठीनिमित्त हाताने शिवलेले पाकीट द्यायचे आहे आणि ते रविवारपर्यंत पूर्ण व्हायला हवे. शिवण चांगली जमली आहे. मात्र कडांना पाणी लावून, मेण चोळून लाकडी दांड्याने कितीही घासले, तरी चकाकी येत नाही आणि वाळल्यावर तंतू पुन्हा उभे राहतात. शिवाय पाकीट मिटले की आपोआप उघडते. नेमका उपाय सांगावा. ‘विकत आणा’ हा सल्ला नको.

आरी-रापी: चामडे कोणते आणि किती जाडीचे, हे आपण लिहिलेलेच नाही.

कृष्णाकाठ: अस्सल चामडे आहे, तपकिरी रंगाचे. जाडीचा येथे काय संबंध?

कोरेगावकर: मुळात शिवण यंत्राची की हाताची, हे महत्त्वाचे आहे. मेण लावलेल्या एकाच धाग्याच्या दोन टोकांना दोन सुया ओवून प्रत्येक भोकातून दोन्ही बाजूंनी टाका घातला, तर एखादा टाका तुटला तरी सबंध शिवण उसवत नाही. धागा शिवणीच्या किमान चौपट लांब घ्यावा.

आरी-रापी: कोरेगावकर, शिवण जमली आहे असे त्यांनी पहिल्याच परिच्छेदात लिहिले आहे.

कमावलेले: मी तर सांगेन, कोल्हापुरी चपलांचे चामडे वापरा. ते बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेले असल्यामुळे त्याच्या कडा घासून छान चमकतात. या चपलांना २०१९ साली जे भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात सांगली आणि सातारा हे जिल्हेही आहेत.

आरी-रापी: मानांकन खरे, पण चपलेच्या तळाचे जाड चामडे रापीने (चामडे कापण्या-तासण्याच्या हत्याराने) तासून पाकिटाजोगे करण्यात नवशिक्याचा आठवडा जाईल. पाकिटाच्या बाहेरच्या भागाला साधारण सव्वा मिलिमीटर आणि कप्प्यांना त्याहून पातळ चामडे हवे.

हिशेबी: ५०० रुपयांची नोट ६६ × १५० मिलिमीटरची असते, त्यामुळे कप्पा त्याहून ऐसपैस ठेवावा.

आरी-रापी: कृष्णाकाठ, एक तुकडा आडवा कापून मधला थर कोणत्या रंगाचा दिसतो, ते पाहा.

कृष्णाकाठ: आत निळसर राखाडी आहे, वरून तपकिरी.

आरी-रापी: मग ते बहुधा क्रोमने, म्हणजे झाडाच्या सालीऐवजी क्रोमियमच्या क्षारांनी, कमावलेले चामडे आहे. ते ओले करून घासल्याने घट्ट बसत नाही, म्हणून मेणाचा उपयोग झाला नाही. कडा बारीक पॉलिश पेपरने सपाट करून त्यावर कडांसाठी मिळणाऱ्या रंगाचा पातळ थर द्यावा, तो पूर्ण वाळल्यावर हलके घासून पुढचा थर द्यावा; घाईने जाड थर दिल्यास घडीपाशी भेगा पडतात. पाकीट उघडते, कारण आपण आतला आणि बाहेरचा तुकडा बहुधा समान लांबीचा कापला आहे: घडी घातल्यावर आतल्याला जागा कमी लागते, तो चुरगळतो आणि बाहेरच्याला रेटतो. आतला तुकडा काही मिलिमीटर आखूड हवा, किंवा घडीच्या जागी तो कापून टाकावा.

कृष्णाकाठ: दोन्ही तुकडे समानच कापले होते. उसवून नव्याने शिवल्यास रविवार गाठता येईल का? आणि हा रंग सांगलीत मिळेल का?

आरी-रापी: केवळ घडीपाशीचे अस्तर कापले तर गाठता येईल, मात्र टोकाचे टाके आधी पक्के करावेत. रंगासाठी चपला आणि बॅगांचे सामान विकणाऱ्या दुकानात विचारून पाहा.

कोरेगावकर: धागा मेण लावलेला होता का, हे मात्र अजून कळलेले नाही.