चिडाचं झाड: अडचणीत विस्तव, चहा, डिंक यातलं खरंच काय जमतं?

रानवाट:
ऑक्टोबरअखेर कुमाऊँत १८०० ते २५०० मीटरवर पाच दिवसांचा ट्रेक आहे. स्टोव्ह दगा देऊ शकतो आणि लाकूड ओलं मिळू शकतं, हे धरून चाललोय. पाइनच्या पानांचा चहा, राळेचा डिंक वगैरे व्हिडिओंत दिसतं. त्यातलं उपयोगाचं काय आणि दाखवण्यापुरतं काय?

कातळकडा:
आधी झाड ओळखा. कोकणातल्या सुरूला बरेचजण पाइन समजतात. ते पाइन नव्हे. सरपण उत्तम, पण राळ नाही, त्यामुळे खालचं काहीही त्याला लागू होत नाही.

चीड हा तिथला पाइन. त्याची पानं एका जुडग्यात ३, वीतभर किंवा जास्तच लांब. अजून वर गेलात की कैल हा दुसरा पाइन लागतो, त्याच्या जुडग्यात ५. देवदाराची पानं आखूड, ताठ, गुच्छात. तोही पाइन नव्हे.

थुनेर (इंग्रजीत यू) हे झाड मात्र नीट लक्षात ठेवा. पानं चपटी, सुटी, फांदीच्या दोन्ही अंगांना ओळीत आणि चुरडल्यावर राळेचा वास नाही. हे झाड विषारी आहे आणि उकळूनही विष जात नाही. म्हणून चहाचा नियम सोपा: पानं जुडग्यात नसतील तर पातेल्यात नाहीत.

चकमक:
चिडाचा खरा उपयोग विस्तवाला. बाकी सगळं त्यानंतर.

मेलेल्या झाडाचा खुंट, जुनी जखम किंवा वाळक्या फांदीचा खोडाजवळचा सांधा बघा. तिथे राळ मुरून लाकूड तांबूस-पिवळं, जड आणि तेलकट झालेलं असतं, टर्पेंटाइनचा वास येतो. कुमाऊँत याला छिलुक म्हणतात. पावसात भिजलं तरी वरचा थर तासला की आत पेटतं.

अंगठ्याएवढी जाड, वीतभर ढलपी घ्या. सुरीच्या पाठीच्या काटकोनी कडेने (धारेने नको, धार जाते) खरवडून चमचाभर बारीक भुगा काढा. तो सालीच्या तुकड्यावर एकत्र ढिगात ठेवा. पसरला की फेरो रॉडची (खरवडल्यावर ठिणग्या पाडणारी धातूची कांडी) ठिणगी वाया जाते. वर आगकाडीएवढ्या काड्या, मग बोटाएवढ्या, मग बांजाचं (हिमालयातला ओक) लाकूड. बहुतेकांचं चुकतं ते इथेच: भुगा भडकतो, आणि त्यावर थेट मनगटाएवढा ओंडका टाकला जातो.

नुसत्या छिलुकावर रांधू नका. काजळी धरते, उघड्या भांड्यातल्या अन्नाला टर्पेंटाइनची चव येते. ते पेटवायला, निखारे बांजाचे.

आणि पिरूल, म्हणजे गळलेली पानं. चुलीभोवती दोन-तीन मीटर पार मातीपर्यंत साफ करा. वरून विझलं तरी थराखाली धुमसत राहतं. चिडाचं पेटतं फळ उतारावर गडगडत खालचं जंगल पेटवतं, म्हणून चूल सपाट जागी. राखीव वनात विस्तवाला मुळात बंदी असते, तेव्हा हे सगळं जिवावर बेतलं तरच.

राळभात:
चहा जमतो. कोवळी हिरवी पानं मूठभर, धुऊन बारीक कापून, उकळी थांबलेल्या दोन कप पाण्यात दहा मिनिटं झाकून ठेवा. खळखळ उकळलंत तर कडवट होतं आणि क जीवनसत्त्वही कमी होतं. पोट याने भरत नाही. गरोदर बाईने घेऊ नये. काही पाइनांची पानं खाऊन गाई गाभडतात.

डिंकाला राळ तीन भाग, कोळशाची वस्त्रगाळ पूड एक भाग, मेण किंवा चरबी नखभर. डब्यात मंद निखाऱ्यावर वितळवा. ज्वाळेवर धरलं तर वाफ पेट घेते, झाकण हाताशी हवंच. जास्त तापवलं किंवा कोळसा जास्त झाला की थंडीत काचेसारखं तडकतं. तसं झालं तर पुन्हा वितळवून थोडी चरबी घाला. बुटाच्या तळव्याला मात्र हा डिंक टिकत नाही, वाकला की सुटतो. तिथे दोरीच बांधा.

रानवाट:
पिरूल अंथरून झोपता येतं का?

चकमक:
येतं. कोरडा पिरूल फूटभर रचा, दाबून निम्मा होतो. उतारावर नको, पानं घसरतात, माणूस सकाळी खाली सापडतो. अशा अंथरुणाजवळ विस्तव, मेणबत्ती, बिडी काहीही नाही. हाताला लागलेली राळ पाण्याने जात नाही. आधी खाण्याचं तेल चोळा, मग साबण.