गढीच्या देवडीला चीर आणि लोणा, आधी काय करावं?

बोरीकाठ: अमळनेर तालुक्यातली गढी आहे. तट ढासळलाय, दरवाजा आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या देवड्या (पहारेकऱ्यांच्या खोल्या) उभ्या आहेत. खाली काळा घडीव दगड, वर वीट, माथ्यावर धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. डाव्या देवडीला मागे सिमेंटचा गिलावा झालाय. आता तिथेच लोणा, म्हणजे पांढरा खार, चढून विटा झडतायत. कमानीच्या मधल्या दगडाजवळ बोट जाईल एवढी चीर आहे. मिस्त्री म्हणतो, चिरेत सिमेंट भरून लोखंडी चॅनेल टाकू. टाकावं का?

काळीमाती: नका टाकू, भाऊ. चीर वर दिसते, पण कारण बहुधा पायाशी असतं. आपली काळी जमीन पावसाळ्यात फुगते, वैशाखात भेगाळते. दोन्ही खांब सारखे हलले नाहीत की कमान उघडते. कमानीखाली आजच लाकडी टेकू द्या. चिरेवर आडव्या काचपट्ट्या प्लास्टरने चिकटवून तारीख लिहा आणि एक पावसाळा, एक उन्हाळा बघा. काच फुटली तर हालचाल चालू आहे, तेव्हा चीर भरून उपयोग नाही. तोवर पन्हाळीचं पाणी पायाशी पडू देऊ नका. भिंतीला लागून चर मात्र खणू नका, पाया उघडा पडतो.

चुनेवाला: लोण्याचं मूळ तो गिलावाच. जमिनीतून चढलेली ओल सिमेंटमधून बाहेर पडत नाही, विटेतून वाट काढते आणि क्षार विटेतच फुलून तिचा भुगा करतात. गिलावा छिन्नीने हळू काढा, ब्रेकर लावू नका. सांधे 20–25 मिमी खोल खरवडून पाण्याने भिजवा. कळीचा चुना किमान महिनाभर पाण्यात विरवलेला हवा. 1 भाग चुना, 2 भाग धुतलेली नदीची वाळू, 1 भाग सुरखी (विटेची पूड). सुरखी मंद भाजलेल्या विटेची घ्या, जळून काळी पडलेल्या विटेची चुना धरत नाही. काम दिवाळीनंतर काढा. जळगावच्या उन्हात चुना पकडायच्या आतच सुकतो आणि बोटाने खरवडला जातो. ओली गोणपाटं आठवडाभर तरी ठेवा.

बोरीकाठ: धाब्याचं काय? दरवर्षी वर खारी माती टाकतात.

काळीमाती: हे आधी सांगायला हवं होतं! जुना थर न काढता नवा टाकत गेलं की किलचणावर (सऱ्यांवर आडव्या अंथरलेल्या लाकडाच्या तुकड्यांवर) हातभर माती साठते, आणि ते सगळं ओझं त्याच भिंतींवर येतं. टेकू बसल्यावरच माती उतरवा, दोन्ही देवड्यांवरून सारखी. एकच बाजू हलकी केली तर कमान त्या हलक्या बाजूकडे रेटली जाईल. सऱ्यांची (छताच्या लाकडी तुळयांची) टोकं भिंतीत कुजतात, ती टोचून बघा. नव्याने 4–5 इंच खारी पुरे, उतार पन्हाळीकडे.