मदत हवी आहे : १२३४५६७८९८७६५४३२१ ही कापरेकर संख्या ठरते का?

नमस्कार. मी ठाण्यात नौपाड्यात राहतो. आठवीत शिकणाऱ्या माझ्या भाचीने शाळेच्या गणित प्रदर्शनासाठी गणितज्ञ द. रा. कापरेकरांच्या डेम्लो संख्या (११, १११ अशा नुसत्या एकांच्या संख्यांचे वर्ग हे त्यांचे ठळक उदाहरण) निवडल्या आहेत. कापरेकरांचे माध्यमिक शिक्षण ठाण्यातच झाले आणि 'डेम्लो' हे नाव त्यांनी आजच्या डोंबिवली स्थानकाच्या त्या काळच्या नावावरून घेतले, त्यामुळे विषय अगदी घरचाच वाटला. तक्त्यावर एकाच संख्येची कुंडली मांडायची आहे : नऊ एकांचा, म्हणजे १११११११११ चा, वर्ग. ही सतरा अंकी संख्या दोन्ही बाजूंनी सारखीच वाचता येते. दहा एकांचा वर्ग केला की हातचा येतो आणि ही शोभा बिघडते.

३ चार वेळा आणि ३७ व ३३३६६७ प्रत्येकी दोन वेळा, असे तिचे मूळ अवयव आहेत; म्हणून तिला ४५ विभाजक आहेत. अंकांची बेरीज ८१ येते आणि ८१ ने भागल्यावर १५२४१५७८९९७१०४१ हा पूर्ण भागाकार मिळतो, म्हणजे ती हर्षद संख्या आहे. स्वयंभू (दुसऱ्या कोणत्याही संख्येत तिच्याच अंकांची बेरीज मिळवून न बनणारी) मात्र ती नाही, कारण १२३४५६७८९८७६५४२४० मध्ये त्याच संख्येच्या अंकांची बेरीज मिळवली की आपली संख्या तयार होते. हे सारे वहीवरच करावे लागले, कारण स्प्रेडशीट पंधरा अंकांपुढे शून्ये भरते. शेवटच्या २१ चे ०० झाले आहेत हे ध्यानात येईपर्यंत आमची एक संध्याकाळ वाया गेली.

अडले ते कापरेकर संख्येपाशी, म्हणजे जिच्या वर्गाचे, उजवीकडे तिच्याइतकेच अंक ठेवून, दोन तुकडे केले की त्यांची बेरीज तीच संख्या येते अशा संख्येपाशी. ७०३ चा वर्ग ४९४२०९ आणि ४९४ + २०९ = ७०३, हे तिला समजले आहे. आमच्या संख्येचा वर्ग मात्र तेहतीस अंकी होतो. तो न करताच निर्णय देता येईल, आणि आठवीच्या मुलीला तक्त्यासमोर उभे राहून सांगता येईल, असे कारण कोणी सुचवाल का?

प्रतिसाद :

वर्ग करण्याची गरज नाही. ७०३ च्या वर्गातून ७०३ वजा केल्यास ४९३५०६ उरतात, म्हणजेच ४९४ × ९९९; कारण वर्ग ४९४ × १००० + २०९ आहे आणि त्यातून ४९४ + २०९ वजा होतात. त्याच न्यायाने तुमची संख्या आणि तिच्याहून एकने लहान संख्या यांच्या गुणाकाराला सतरा नऊंच्या संख्येने, अर्थात सतरा एकांच्या संख्येनेही, भाग गेला पाहिजे. सतरा एकांच्या संख्येचे मूळ अवयव २०७१७२३ आणि ५३६३२२२३५७ असे दोनच आहेत, आणि तुम्ही दिलेल्या अवयवांत त्यांपैकी एकही नाही. तेव्हा दोघांनीही १२३४५६७८९८७६५४३२० ला भागले पाहिजे, म्हणजेच तिला सतरा एकांनी नि:शेष भाग जायला हवा. परंतु ती सतरा एकांहून मोठी आणि त्यांच्या दुपटीहून लहान आहे, म्हणून ती कापरेकर संख्या नाही.