भाचीचं सायकॉलॉजिकल असेसमेंट: नेमकं काय करतात?

चिपळूणची मावशी:
भाची पंधरा वर्षांची. 2021 च्या जुलैतल्या पुरात आजी, म्हणजे तिच्या बाबांची आई, तिच्या डोळ्यांदेखत गेली. आताशा पाऊस लागला की दप्तर कवटाळून जिन्यात बसते, ताटावरून अर्ध्यात उठते. डॉक्टरांनी असेसमेंट सांगितलंय. पुन्हा सगळं बोलायला लावतील का हो? मी आत बसू?

सांगलीची ताई (क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट):
पहिल्याच भेटीत पूर उकरून काढायचा नसतो. मी झोप, भूक, शाळा, मैत्रिणी इथून सुरुवात करते. नैराश्यासाठी बेक यांची प्रश्नावली असते, 21 प्रश्नांची, गेल्या दोन आठवड्यांबद्दल. तेराव्या वर्षापासून चालते. आघाताचं वेगळं बघतो: दचकणं, वाईट स्वप्नं, आठवण टाळणं. नुसत्या गुणांवर निदान करत नाहीत. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे थेट विचारतात. घाबरू नका, विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट मुलं मोकळी होतात. आधी थोडा वेळ घरच्यांशी बोलतील, मग तिच्याशी एकटीशी. तेव्हा बाहेर थांबा. जिन्यातलं बसणं मात्र आवर्जून सांगा, अशा गोष्टी कुठल्याच फॉर्ममध्ये येत नाहीत. आणि सायकॉलॉजिस्टची आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी बघूनच जा.

एक आई:
शाळेची प्रगतिपुस्तकं न्या, पुराआधीची आणि नंतरची. आम्हाला फार उपयोग झाला. रात्री-अपरात्री काही वेडंवाकडं बोलली तर टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, 14416. फुकट आहे, मराठीत बोलतात.

चिपळूणची मावशी:
ताई, तिचे बाबा म्हणतात, ‘वयच तसं आहे.’ त्यांनाही सोबत नेऊ?

सांगलीची ताई:
न्याच. त्यांचीही आई गेलीय.