घरगुती उबवणी पेटीत पूर्ण वाढलेली पिल्ले अंड्यातच मरतात, चूक कोठे होत असावी?

प्रश्न:
नमस्कार. मी दापोली तालुक्यात राहतो. घरी गावठी कोंबड्या आहेत, परंतु हवी तेव्हा खुडूक (अंड्यांवर उबवायला बसणारी) कोंबडी मिळत नाही, म्हणून थर्माकोलच्या खोक्याची उबवणी पेटी तयार केली आहे. आत ६० वॅटचा पिवळा दिवा, तापमान नियंत्रक, आर्द्रतामापक आणि पाण्याची वाटी आहे; पंखा नाही. नियंत्रकाचा सेन्सर झाकणाला आतून चिकटवला असून तापमान ३७.५ अंश सेल्सिअसवर लावले होते. अंडी दिवसातून दोनदा फिरवत होतो. २४ अंड्यांपैकी ३ वांझ निघाली आणि उरलेल्या २१ मधून आठच पिल्ले बाहेर आली, तीही २३ व्या दिवशी, पोट फुगलेली आणि पायांत जोर नसलेली. बाकीची अंडी फोडून पाहिली तेव्हा बहुतेकांत पिसे आलेले पूर्ण पिल्लू होते. चार अंड्यांना चोचीने भोक पडले होते, पण आतला पापुद्रा वाळून कागदासारखा पिल्लाच्या अंगाला चिकटला होता. आर्द्रता टिकावी म्हणून शेवटचे तीन दिवस हवेची भोके चिकटपट्टीने बंद केली होती आणि काळजीपोटी झाकण वारंवार उघडून पाहत होतो. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर १:
तुमच्या वर्णनातच बरेचसे उत्तर आहे. ऊब वर चढते. पंखा नसलेल्या पेटीत झाकणापाशी ३७.५ अंश असतील, तर खाली अंड्यांच्या पातळीवर तापमान त्याहून कमी असते. म्हणूनच २१ दिवसांचे काम २३ दिवसांवर गेले आणि पिल्ले अशक्त निघाली. संगणकातला १२ व्होल्टचा जुना पंखा बसवा, त्याचा झोत थेट अंड्यांवर येऊ देऊ नका, आणि सेन्सर अंड्यांच्या उंचीवर लोंबता ठेवा. अशा पेटीत ३७.५ ते ३७.७ अंश योग्य असतात. पंखा बसवणारच नसाल, तर अंड्याच्या वरच्या टोकाच्या पातळीवर ३८.५ ते ३९ अंश हवेत. स्वस्त सेन्सरवर डोळे मिटून विश्वास ठेवू नका: पेल्यात कोमट पाणी घ्या, त्यात सेन्सर आणि ताप मोजण्याचा थर्मामीटर एकत्र बुडवा आणि दोन्ही आकडे ताडून पाहा. अंडी दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवावीत, म्हणजे रात्रीच्या लांब मुक्कामाला तीच बाजू रोज वर राहत नाही. एका बाजूला पेन्सिलीने फुली आणि दुसरीकडे गोल काढला की गोंधळ होत नाही. १८ व्या दिवसानंतर मात्र फिरवणे पूर्ण थांबवावे.

उत्तर २:
भोके बंद केल्याचे वाचून फार वाईट वाटले, कारण मीही पहिल्या वर्षी हेच केले होते. शेवटच्या दिवसांत पिल्लू फुप्फुसाने श्वास घेऊ लागते आणि नेमकी तेव्हाच त्याला सर्वांत जास्त हवा लागते. आर्द्रता वाढवायची तर भोके न बुजवता पाण्याचा पृष्ठभाग वाढवावा; खोल वाटीपेक्षा पसरट ताटली आणि तीत ओला स्पंज अधिक उपयोगी पडतो. पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि पुढे ६५ ते ७० टक्के आर्द्रता ठेवावी. तुमच्याकडे भर पावसाळ्यात बाहेरची हवाच इतकी दमट असते की पहिल्या टप्प्यात ताटलीची गरज बहुधा पडणार नाही. खात्रीसाठी अंडी वजन करून ठेवा: ५० ग्रॅमचे अंडे १८ व्या दिवशी साधारण ४४ ग्रॅम भरले पाहिजे. वजन घटले नाही, तर आत हवेची पोकळी पुरेशी होत नाही आणि पिल्लू गुदमरते. आर्द्रतामापक तपासण्यासाठी बाटलीच्या बुचात ओलसर मीठ घेऊन ते मापकासह घट्ट बंद डब्यात रात्रभर ठेवावे. सकाळी आकडा ७५ च्या आसपास दिसायला हवा. आणि पहिली टोच पडली की झाकण उघडू नये, ही माझी कळकळीची विनंती. टोच पडल्यापासून बाहेर येईपर्यंत कधी २४ तास लागतात. निघालेले पिल्लू पोटातल्या बलकावर दोन दिवस सहज राहते, त्यामुळे त्याला लगेच काढण्याची घाई नसते.

उत्तर ३:
वीज गेल्यास घाबरू नका. काही तासांचा गारवा अंडी सोसतात. जास्त उष्णता मात्र लवकर जीव घेते. पेटीत पाण्याने भरलेल्या दोन-तीन बाटल्या कायम ठेवल्या, तर ऊब सावकाश उतरते. एका ६० वॅटच्या दिव्याऐवजी दोन कमी वॅटचे लावा, म्हणजे एक उडाला तरी डाव जात नाही. एलईडी दिव्याने पुरेशी ऊब मिळणार नाही. दिवा थर्माकोलला टेकू नये म्हणून चिनी मातीचा होल्डर आणि भोवती जाळी अवश्य लावा.

प्रश्नकर्ता:
सर्वांचे मनापासून आभार. आत्ताच पेल्यातल्या पाण्यात ताडून पाहिले: थर्मामीटर ३७.६ दाखवत असताना सेन्सर ३८.४ दाखवतो. म्हणजे पेटी मला वाटत होती त्याहून जवळपास एका अंशाने गार होती, आणि अंडी त्याहूनही खाली होती. मीठ डब्यात ठेवले आहे. पंखा बसवून पेटी पूर्ण एक दिवस रिकामी चालवतो आणि आकडा स्थिर राहिला तरच नवी अंडी ठेवतो.