जीएनएमनंतर मोठा गॅप पडलाय, परत ड्युटी धरायचीय, मदत हवी आहे

मी २००७ ची जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केलेली. मिरजेत मेडिसिन वॉर्ड केला, मग आयसीयू. दुसऱ्या बाळंतपणानंतर नोकरी सोडली आणि परत जायचं म्हणेपर्यंत सासूबाईंना पॅरालिसिस झाला, त्यांचं सगळं मीच बघत होते, त्यामुळे २०१४ पासून घरीच आहे. त्या मागच्या वर्षी गेल्या, मुलं मोठी झालीत, आता मला वॉर्डात परत जायचंय. पैसे लागतातच, पण मला हे काम मनापासून आवडतं.

नर्सिंग कौन्सिलच्या रजिस्ट्रेशनचं रिन्युअल तेव्हापासून राहिलंय. एका हॉस्पिटलात विचारायला गेले तर एवढा गॅप बघून फाइल न वाचताच परत दिली. घरी राइल्स ट्यूब फीडिंग (नाकातल्या नळीने भरवणं), कॅथेटर केअर (लघवीच्या नळीची काळजी), दर दोन तासांनी कूस बदलणं, एवढी वर्षं बेडसोर होऊ दिला नाही, याला अनुभव म्हणायचाच नाही का? खूप लागलं मनाला.

रिन्युअलला काय काय लागतं, आणि आधी कुठला विभाग मागावा? सुई लावताना व्हेन (शीर) मिळेल का याचीच जास्त भीती वाटते.

उत्तर: ताई, मी पुण्यात आयसीयू इनचार्ज आहे. रिन्युअल दर ५ वर्षांनी असतं आणि त्यासाठी १५० तास सीएनई (नर्सेसनी पुढे घेत राहायचं शिक्षण) लागतं. तुमचं जुनं आहे म्हणून मूळ रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट, मार्कशीट, अनुभवाचे दाखले घेऊन महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडूनच नक्की करून घ्या, एजंटला पैसे देऊ नका. आणि रिन्युअल हातात येईपर्यंत कुठेही जॉइन होऊ नका, "तोवर कमी पगारात या" म्हणणारी नर्सिंग होम भेटतील, पण उद्या काही झालं तर तुमच्याच अंगावर येईल.

बीएलएस (सीपीआर वगैरे जीव वाचवण्याचं मूलभूत प्रशिक्षण) नक्की करा. आपण ए-बी-सी शिकलो, म्हणजे आधी श्वासमार्ग, मग श्वास, मग कॉम्प्रेशन (छाती दाबणं); २०१० पासून कॉम्प्रेशन आधी, आता मिनिटाला १०० ते १२०, खोली निदान ५ सेंमी. बायोमेडिकल वेस्टचे (हॉस्पिटलच्या कचऱ्याचे) २०१६ चे नियम वाचा, कुठल्या पिशवीत काय टाकायचं हे इंटरव्ह्यूत हमखास विचारतात. लगेच आयसीयू मागू नका, मेडिसिन वॉर्ड मागा, तिथे दिवसभर आयव्ही लावून हात आपोआप बसतो. औषध सोडायचा पंप आणि कॉम्प्युटरवरचं चार्टिंग तिथल्या मुली शिकवतात. आणि सासूबाईंचं केलेलं बायोडेटात लिहाच, मला तरी बेडसोर न होऊ देणारी सिस्टर पहिली हवी असते.

धागाकर्ती: वाचून रडूच आलं ताई. बीएलएस रिन्युअलच्या आधी करू की नंतर?

उत्तर: आधीच करा. कार्डची मुदत २ वर्षं असते, आणि कौन्सिलच्या कामाला वेळ लागला तरी तोवर हातात काहीतरी असेल.