मदत हवी आहे : चार खिडक्या बदलायच्या आहेत, तीन कोटेशनं आली आहेत, ताडून कशी बघू?

पाचवा_मजला :

नमस्कार. ठाणे पश्चिम, सात मजली इमारतीचा पाचवा मजला, इमारत साधारण २५ वर्षांची. बिल्डरने बसवलेल्या पाऊण इंची सेक्शनच्या (चौकटीच्या पट्टीच्या) ॲल्युमिनियम स्लायडिंग खिडक्या आहेत. हॉल आणि मागची बेडरूम पश्चिमेला. तिथे पावसाळ्यात खालच्या ट्रॅकमधून पाणी आत येतं आणि खिडकीखालच्या भिंतीचा रंग पोपडे धरून पडतो. बेअरिंग झिजली आहेत, शटर उचलून सरकवावं लागतं. पुढची बेडरूम रस्त्याकडे आहे. तिथे पावसाचा त्रास नाही, गाड्यांच्या आवाजाचा आहे. सगळ्या खिडक्यांना बाहेरून बॉक्स ग्रिल आहे आणि ते काढायचं नाही.

ग्रॅनाइट फ्रेमच्या आतून मापं (रुंदी × उंची) :
हॉल १८५० × १२४० मिमी
दोन बेडरूम, प्रत्येकी १५४० × १२४० मिमी
स्वयंपाकघर ९४० × १२४० मिमी

कोटेशनं :
अ) २७ मिमी डोमल (जाड सेक्शनचा प्रकार) ॲल्युमिनियम, तीन ट्रॅक, ५ मिमी साधी काच, जाळीसह, ५६० रु. चौरस फूट. माप ६ इंचांच्या पटीत वरचं धरणार.
ब) पांढरी यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक), अडीच ट्रॅक (दोन काचेचे, अर्धा जाळीचा), ५ मिमी टफन (तापवून मजबूत केलेली) काच, जाळीसह, ७८० रु. चौरस फूट, प्रत्यक्ष मापावर.
क) सिस्टीम ॲल्युमिनियम, बाहेर उघडणारी केसमेंट (बिजागरीची खिडकी), ६-१२-६ डबल काच (६ मिमी काच, १२ मिमी पोकळी, ६ मिमी काच), १३५० रु. चौरस फूट, प्रत्यक्ष मापावर.

तिन्हींवर १८ टक्के जीएसटी वेगळा. सगळ्यात स्वस्त ‘अ’ घ्यावं असं घरात चाललं आहे. ‘क’ने पाणी आणि आवाज दोन्ही थांबतील असं तो फॅब्रिकेटर सांगतो. काय करावं?

मोजपट्टी :

आधी मापाचं बघा, कारण ‘अ’ दिसतो तेवढा स्वस्त नाही.

तुमच्या चार खिडक्यांचं प्रत्यक्ष क्षेत्र ७८.३५ चौरस फूट होतं. १८५० मिमी म्हणजे ७२.८ इंच. ६ इंचांच्या पटीत वर नेलं की ते ७८ इंच होतात. १२४० मिमी म्हणजे ४८.८ इंच, त्याचे ५४ होतात. पाऊण-एक इंचासाठी पुढचे पाच इंच फुकटचे भरायचे, तेही रुंदी आणि उंची दोन्हींत. हॉलची खिडकी २४.७ चौरस फुटांवरून २९.२५ वर जाते. चारही मिळून बिल ९४.५ चौरस फुटांचं निघतं, म्हणजे २० टक्क्यांहून जास्त.

अ : ९४.५ × ५६० = ५२,९२० रु.
ब : ७८.३५ × ७८० = ६१,११३ रु.
क : ७८.३५ × १३५० = १,०५,७७३ रु.

जीएसटी धरून अनुक्रमे सुमारे ६२,४५०, ७२,१०० आणि १,२४,८००. प्रत्यक्ष मापाने काढला तर ‘अ’चा दर ६७५ रु. पडतो. ‘ब’शी त्याचा फरक ८,२०० रुपयांचा आहे, आणि ‘ब’मध्ये काच टफन आहे. ‘अ’ला साध्याऐवजी टफन काचेचा दर आणि प्रत्यक्ष मापावरचं बिल मागा, मगच ताडून बघा.

तिन्ही कोटेशनांत हे आहे का तेही विचारा : जुनी खिडकी काढणं, राबीट (तोडफोडीचा मलबा) खाली उतरवून नेणं, ग्रॅनाइटची डागडुजी, सिलिकॉन. जुन्या ॲल्युमिनियमचं भंगार कोण घेणार हे लेखी ठरवा. ते किलोवर विकलं जातं, त्यामुळे ‘काढून देतो, पैसे नको’ म्हणणारा त्याचा मोबदला घेतच असतो.

काचकाम :

‘क’बद्दल. बॉक्स ग्रिल ठेवायचं असेल तर बाहेर उघडणारी केसमेंट विसरा. हॉलच्या खिडकीचं एक पाखं जवळजवळ ९०० मिमी रुंद होईल, ते ग्रिलला आपटेल. ग्रिल तेवढं खोल असलं तरी त्यात एक कुंडी ठेवली की पाखं अडलं.

दुसरं वजन. काच दर मिलिमीटर जाडीला, दर चौरस मीटरला अडीच किलो भरते. ६-१२-६ मध्ये १२ मिमी काच, म्हणजे चौरस मीटरला ३० किलो. हॉलच्या एका पाख्यात नुसती काचच तीसेक किलो होईल, चौकट वेगळी. फ्रिक्शन स्टे (पाखं तोलून धरणारी बिजागरी-पट्टी) तेवढ्या वजनाचा नसेल तर वर्षभरात पाखं खाली झुकतं, लॉक जुळत नाही आणि कोपऱ्यात फट पडते.

आवाजासाठीही डबल काच हा पहिला उपाय नव्हे. दोन्ही काचा सारख्याच जाडीच्या असल्या की त्या एकाच कंपनाला हलतात, आणि रस्त्यावरची बस-ट्रकची खालच्या पट्टीतली घरघर तशीच आत येते. रस्त्याकडच्या बेडरूमला लॅमिनेटेड काच (मधे प्लास्टिकचा थर घालून चिकटवलेल्या दोन काचा) घाला : ३ + ०.७६ + ३ किंवा, सेक्शनचा खाचा घेत असेल तर, ४ + ०.७६ + ४. मधला पीव्हीबीचा (त्या प्लास्टिकचा) थर कंपन मारतो. मात्र काच कितीही चांगली असली तरी आवाज फटीतूनच शिरतो. स्लायडिंगमध्ये शटरभोवती ब्रश असतो, तो हवा पूर्ण अडवत नाही. म्हणून त्या एका खिडकीला आत उघडणारी केसमेंट, सगळीकडून ईपीडीएम रबर आणि दोन-तीन ठिकाणी दाबून बसणारं लॉक असं करता आलं तर उत्तम. पलंग, पडदा आणि आत उघडणारं पाखं यांचं जमतं का, हे आधी पुठ्ठा कापून तिथे धरून बघा.

टफन काच फुटली की बारीक दाणे होऊन सगळी खाली येते. लॅमिनेटेड फुटली तरी चौकटीत अडकून राहते. खाली येण्याजाण्याची वाट असेल तर पाचव्या मजल्यावर हा फरक मोठा आहे. टफनवर कोपऱ्यात आयएसआयचा छाप मागा. आणि टफन काच नंतर कापता येत नाही, घासता येत नाही; माप चुकलं तर ती काच वाया.

बाहेर_ढाळ :

वर सगळं बरोबर आहे. पण तुमचा मुख्य त्रास पाण्याचा आहे, आणि पाणी सेक्शन बदलून थांबतंच असं नाही. सिल (खिडकीखालचा दगड) तसाच ठेवून महागडी खिडकी बसवली तर पुढच्या जुलैत त्याच भिंतीला पुन्हा पोपडे येतील.

पाणी कुठून येतं ते दोन चाचण्यांत कळतं. दोन्ही शटर उचलून काढा. ट्रॅकला बाहेरच्या बाजूने असलेली ड्रेन होल (पाणी निघून जाण्याची भोकं) चिकटपट्टीने बंद करा आणि ट्रॅक काठोकाठ पाण्याने भरा. २० मिनिटांत पातळी उतरली तर ट्रॅकचे कोपरे किंवा खालचे स्क्रू गळतात. पातळी उतरली नाही तर ट्रॅक कोरडा करून सिलच्या ग्रॅनाइटवर बाहेरून पाण्याचा पाइप धरा, फ्रेमला पाणी लागू न देता. भिंत ओली झाली तर दोष दगड आणि प्लास्टरच्या सांध्यात आहे. तिथे कोणतीही खिडकी उपयोगाची नाही.

यापलीकडे तिसरं कारण असतं आणि ते स्लायडिंगच्या मुळातच आहे. वारा पाणी दाबतो. वाऱ्याचा दाब ०.६ गुणिले वेगाचा वर्ग, वेग मीटर प्रति सेकंदात. ताशी ७२ किमी म्हणजे सेकंदाला २० मीटर, दाब २४० पास्कल. एवढा दाब सुमारे २४ मिमी उंच पाणी तोलून धरतो. ट्रॅकची आतली कड त्याहून बुटकी असेल तर ड्रेन होलमधून पाणी बाहेर जाण्याऐवजी ट्रॅकमध्येच चढतं आणि आत सांडतं. जुन्या पाऊण इंची सेक्शनला ही कड तोकडी असते. नवीन सेक्शनचा तुकडा हातात घ्या, पट्टी लावा, आतली कड ट्रॅकच्या तळापासून किती उंच आहे ते मोजा. पश्चिमेच्या खिडकीला ३० मिमीपेक्षा कमी घेऊ नका, ४० मिळाली तर बरं. कोणत्याही दुकानात हे पाच मिनिटांचं काम आहे.

पाचवा_मजला :

धन्यवाद सगळ्यांना. हॉलला चाचणी केली. ट्रॅकमधलं पाणी दहा मिनिटांत निम्मं उतरलं. आतल्या कडेची उंची १८ मिमी भरली. स्पिरिट लेव्हल लावली तर ग्रॅनाइटच्या सिलचा ढाळ आत आहे, १०० मिमीला ३ मिमी. फक्त नवीन सिलिकॉन भरून भागेल का? नसेल तर फॅब्रिकेटरला नेमकं काय सांगू?

बाहेर_ढाळ :

सिलिकॉनने एक पावसाळा निघेल, कदाचित तोही नाही. आत उतरलेला दगड पाणी सांध्यापाशीच साठवतो.

खालची ग्रॅनाइट पट्टी बदला. दोन पट्ट्यांचा सिल करून घ्या : बाहेरची पट्टी १०० मिमीला ५ मिमी बाहेर ढाळ देऊन, आतली त्याहून १५ ते २० मिमी उंच. मधे जी पायरी तयार होते, तिला टेकून खिडकीची फ्रेम बाहेरच्या पट्टीवर बसते. पाणी फ्रेमखाली शिरलं तरी पायरी चढून आत येत नाही. बाहेरची पट्टी भिंतीपुढे २५ मिमी तरी काढा आणि तिच्या पोटाला, कडेपासून १० मिमीवर, कटरने एक खाच मारून घ्या. खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला धरून भिंतीवर परत येतं. दगड बसवण्याआधी खालच्या कोब्यावर आणि दोन्ही बाजूंना १५० मिमी वर वॉटरप्रूफिंगचे दोन हात मारून घ्या.

यात उघडीची उंची कमी होते. म्हणून खिडकीचं शेवटचं माप दगडकाम झाल्यावरच, काचेची ऑर्डर त्यानंतरच. रुंदी वर, मधे, खाली आणि उंची डावी, मधली, उजवी अशी घ्या, दोन्हींत सगळ्यात लहान माप धरा. दोन्ही कर्णही मोजा. फ्रेम त्या मापापेक्षा सगळ्या बाजूंनी ५ मिमी लहान हवी. ‘फिट बसवतो’ म्हणणाऱ्याला थांबवा. फट नसली की सिलिकॉनला जागा राहत नाही, ते नुसतं वरून फासलं जातं आणि सोलून निघतं.

बसवताना तुमच्यापैकी कुणीतरी तिथे उभं राहा. खालच्या ट्रॅकमध्ये वरून स्क्रू मारू देऊ नका. प्रत्येक स्क्रू हे नवीन भोक असतं. फ्रेम बाजूच्या आणि वरच्या दगडातून अँकरने धरायची, कोपऱ्यापासून १५० मिमी सोडून, मग दर ६०० मिमीच्या आत. खाली धरणं भागच असेल तर भोकात आधी सिलिकॉन भरून मग स्क्रू, आणि त्याच्या डोक्यावर पुन्हा सिलिकॉन. स्क्रू एसएस ३०४ (स्टेनलेस स्टील) चेच हवेत, साधे गंजून डाग सोडतात.

सिलिकॉन न्यूट्रल घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं स्वस्त सिलिकॉन सिमेंटवर धरत नाही. फटीत आधी फोमची गोल दोरी दाबायची, मग वरून सिलिकॉन, जाडी रुंदीच्या निम्मी. आणि सगळ्यात जास्त दिसणारी चूक : मिस्त्री बाहेरून सिलिकॉन ओढताना ड्रेन होलही बुजवून टाकतो. काम संपल्यावर ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी ओता, ते बाहेर निघताना डोळ्यांनी बघा.

मोजपट्टी :

दगडकामाचे पैसे तिन्ही कोटेशनांत नाहीत, ते धावत्या फुटावर वेगळे मागवा. सिल फक्त पश्चिमेच्या दोन खिडक्यांचा बदला. स्वयंपाकघर आणि रस्त्याकडची बेडरूम यांची चाचणी कोरडी निघाली तर तिथे दगड उकरायचं कारण नाही.

माझं मत : तिन्ही स्लायडिंगना ‘ब’, रस्त्याकडची एक खिडकी त्याच यूपीव्हीसीत आत उघडणारी, लॅमिनेटेड काचेची. कोटेशनवर लिहून घ्या की फ्रेम आणि शटर दोन्हींच्या पोटात गॅल्व्हनाइज्ड लोखंडी पट्टी असेल आणि तिची जाडी किती. काही जण ती नुसती फ्रेममध्ये घालतात, मग पश्चिमेच्या उन्हात शटर वाकतं आणि मधलं इंटरलॉक (दोन शटर एकमेकांत अडकतात तो जोड) सुटतं. रंग पांढराच ठेवा, गडद यूपीव्हीसी उन्हात जास्त तापते. ॲल्युमिनियमच घ्यायचं ठरलं तर पावडर कोटिंग किमान ६० मायक्रॉन आणि सेक्शनचं वजन किलो प्रति मीटर लिहून घ्या.

सोसायटीचं पत्र आधी घ्या. बाहेरून दिसणाऱ्या रंगावर आक्षेप आला तर तयार माल परत जात नाही.

काचकाम :

वेळेचं सांगतो. दगड, मग माप, मग टफन काच. या साखळीला दीड-दोन महिने धरा. मार्चअखेर दगडकाम उरकलं तर मेमध्ये खिडक्या लागतील. जिथे दगड बदलायचा नाही तिथे खिडकी काढली त्याच दिवशी नवीन बसली पाहिजे, म्हणून एका वेळी एकच. जुनी फ्रेम काढताना खालचा ट्रॅक मधोमध ग्राइंडरने कापून आत ओढायला सांगा. छिन्नी-हातोडीने उपटली की बाजूच्या उभ्या ग्रॅनाइटचे कोपरे उडतात आणि बिलात आणखी दोन पट्ट्या वाढतात.

बाहेर_ढाळ :

शेवटचे १० टक्के पैसे पाण्याच्या चाचणीवर ठेवा. सिलिकॉन पूर्ण सुकू द्या, तीन-चार दिवस. मग बाहेरून पाइप, आधी फक्त सिलवर पाच मिनिटं, मग खालच्या ट्रॅकवर, मग शटरच्या मधल्या जोडावर, शेवटी वरच्या कडेला. खालून वर जायचं. वरून सुरुवात केली तर पाणी सगळीकडूनच ओघळतं आणि नेमका सांधा सापडत नाही. आत एक जण वर्तमानपत्राच्या पट्ट्या फ्रेमच्या आतल्या कडेला चिकटवून बसेल. पहिली पट्टी जिथे ओली होईल, तिथे खडूची खूण करा आणि फॅब्रिकेटरला तीच जागा दाखवा.